पाहुण्यांनी खाल्लेलं गॉल्जी संकुल

करडी, ता. मोहाडी
जानेवारी १९८४

तीर्थरूप श्यामरावमामांस शकुनचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल, मामीचा खोकलाही थांबला असेल. इकडे सारे ठीक, फक्त माझं गॉल्जी संकुल पाहुण्यांनी खाल्लं.

(घाबरू नका, खरं संकुल पेशीत शाबूत आहे.) बारावीच्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलं आणि मला आईच्या लांब पोळ्याच आठवल्या, उलट्या मडक्यावर भाजून एकीवर एक रचलेल्या. म्हणून मोहाडीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्याकडून पोळ्या करवून घेतल्या, गुळाच्या पाकाने थर चिकटवले, कडेने पुटिका (माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या) म्हणून बुंदी लावली, बांबूच्या काड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या खोचल्या आणि झाकून तळ्यावर धुणं घेऊन गेले. तेवढ्यात मला पाहायला येणारे बपेऱ्याचे पाहुणे एक दिवस आधीच टपकले. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून आनंदाआत्याने दिसलं ते वाढलं.

मी परतले तेव्हा मुलाचे वडील सेवकरामजी (धानाची गिरणी आहे त्यांची) दातातली चिठ्ठी काढत होते. बाबा पांढरेफटक. मला लाज वाटायला हवी होती, पण आला रागच. उरलेले थर समोर ठेवून मी सगळं सांगितलं: प्रथिनं या बाजूने येतात, थराथरातून जाताना बदलतात, कुणाला साखर जोडली जाते, मग निवड होऊन पुटिकांत भरून ज्याच्या त्याच्या ठिकाणी रवाना. सेवकरामजींचा घास थांबला. “हे त आमची गिरनीच हाये! इकडून धान, तिकडून पोते. आन् पोतं भलत्याच गावाले गेलं त?” मी म्हटलं, माणूस आजारी पडतो. ते बाबांकडे वळले. “मंग भाऊ, ह्या पोरीले आताच चुलीपाशी कायले धाडून राहिले? पोतं चुकून राहिलं तुमचं. शिकू द्या, आमी थांबतो.” मामा, मला आनंदाने रडूच आलं.

आईने पहाटे पुन्हा पोळ्या केल्या. या वेळी पाकात मी कडुनिंब घातला, तरी एका परीक्षकाने चाखलंच. दुसरं बक्षीस मिळालं.

तुमची भाची,
शकुन

ता. क. बाबा म्हणाले, “मामा ठेवतो म्हनन त जाय नागपूरले.” बी.एस्सी. होईपर्यंत तुमच्याकडे राहू का? पोळ्या आईच्या होत्या, पण स्वयंपाक मलाही येतो.

पुन्हा ता. क. सेवकरामजींच्या मुलाने, खुशालने, जाताना दारात विचारलं, “पेशीत आखीन काय काय असते?” मी म्हटलं, सांगायला तीन वर्षं लागतील. म्हणाला, “सांगजा मंग. बुंदी मी आनतो.” मामीला एवढंच सांगा, की याचा मला राग आलेला नाही.