बारा खुर्च्या परत नेण्याबाबत

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (हल्ली आम्हाला छान वाकता येतं, ताठ उभंही राहता येतं, बसणं तेवढं बंद आहे. का, ते पुढे येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? मामीचे गुडघे? भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून मी पाठवलेला रुमाल तुम्ही तोंडाला बांधता, की त्यानं खुर्च्या पुसता? मामी म्हणाली, पुसता. इकडे सगळं उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही फोनकडे धावाल. मध्यंतरी माझी नोकरी आणि तिच्यासकट आमची अख्खी संस्था जाता जाता राहिली, आणि तीही तुमच्या बारा खुर्च्यांपायी.

तुम्ही मागे विचारलं होतंत, की अरे, तुम्ही माल विकत नाही, फी घेत नाही, सरकारी नाही, मग तुमचं चालतं तरी कशावर? तेव्हा मी 'चालतं कसंतरी' म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो. माणसं कशी बसतात आणि बसून बसून त्यांच्या कमरेचं काय होतं, याचा आम्ही अभ्यास करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे (आणि 'बसून खायची नोकरी' हा तुमचा विनोद आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे). त्याचा खर्च तीन वाटांनी येतो. अकराशे साधी माणसं दरवर्षी वर्गणी पाठवतात. त्यांत शिंपी आहेत, ड्रायव्हर आहेत, तिकीटखिडकीत बसणाऱ्या एक बाई आहेत. त्या पाकिटात न चुकता 'पाठ बरी आहे' अशी चिठ्ठी घालतात. शिवाय एक धर्मादाय न्यास तीन-तीन वर्षांसाठी अनुदान देतो, त्यावर आमचे निम्मे पगार होतात. उरलेलं पुस्तिकांच्या विक्रीतून. बस, संपलं. खुर्च्या, गाद्या, सोफे बनवणाऱ्या कोणाकडून टाचणीसुद्धा घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे. आणि इतर कोणीही काहीही दिलं, तरी ते वर्षाअखेरीच्या यादीत नावानिशी छापायचं. संचालकबाई म्हणतात, लोक आपल्याला पैसे देतात ते आपण कोणाचे मिंधे नाही म्हणून, दुसरं आपल्याकडे विकण्यासारखं आहेच काय?

आता माझा गाढवपणा ऐका. कार्यालयाचा सगळा कारभार माझ्याकडे, म्हणजे हा नियम भिंतीवर लावला तोही मीच, आणि चार महिन्यांपूर्वी तुमचा टेम्पो दारात थांबला तेव्हा हरखून खाली धावलो तोही मीच. मामा, खरं सांगतो, माझ्या मनात क्षणभरही आलं नाही, की तुम्ही खुर्च्या बनवणारे आहात. तुम्ही मामा आहात! मामा वस्तू पाठवतो, भाचा उतरवून घेतो, इतकं ते सरळ होतं. मी सगळ्यांना सांगितलं, मामांनी पाठवल्या. आणि सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचे मामा! जुन्या खुर्च्या (डुगडुगायच्या, पण आमच्या होत्या) मी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिल्या. मग आम्ही नऊ जण ऐटीत तुमच्या खुर्च्यांवर बसलो आणि बाजारातल्या नऊ खुर्च्या मोजायला घेतल्या. त्या दुकानातून आणून, नावं काढून, नुसते आकडे लावलेल्या असतात. कोणती कोणाची, हे शेवटी पाकीट फोडल्यावरच कळतं.

न्यासाची माणसं पाहणीला येण्याआधी हिशेबनीस देणगीदारांची यादी मोठ्यानं वाचत होते. टाचण्यांची डबी झाली, घड्याळ झालं, आणि मग आलं, 'बारा खुर्च्या, मामा'. संचालकबाईंनी चष्मा काढून विचारलं, कोणाचे मामा? मी म्हटलं, माझे. करतात काय? मी कसंबसं म्हटलं, 'खुर्च्या.' एकेक जण हळूच उठून उभा राहिला, आणि सोळा दिवस झाले, मामा, अजून कोणी बसलेलं नाही. तुमच्या खुर्च्या कोठारात कुलूपबंद आहेत, मोजायच्या नऊ खुर्च्यांवर बसलं तर मापं बिघडतात, आणि नव्या घ्यायला अनुदान येईपर्यंत पैसे नाहीत. बसण्याचा अभ्यास करणारी बहुधा आम्हीच पहिली उभी संस्था असू. एक आहे, बैठका आता दहा मिनिटांत आटोपतात आणि हिशेबनिसांचं पोट दोन बोटं कमी झालंय.

बाईंनी ही गोष्ट लपवली नाही. न्यासाचे म्हातारे विश्वस्त जिना चढून धापा टाकत आले आणि बसायला काही शोधू लागले. बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, मला पुढे करून 'हाच तो भाचा' हेही सांगितलं, आणि कोठाराचं दार उघडून बारा खुर्च्या दाखवल्या. मी मनात राजीनामा लिहून तयार होतो. अनुदान गेलं असतं तर वर्षभरात संस्थेला कुलूप लागलं असतं. म्हाताऱ्यांनी त्या खुर्च्यांकडे बराच वेळ आशेनं पाहिलं, मग खिडकीला टेकून उभ्या उभ्या सगळे कागद तपासले. जाताना म्हणाले, "आम्ही कोणाचे मिंधे नाही, हे सगळेच सांगतात. पाय दुखेपर्यंत पाळणारे आजच पाहिले." पुढच्या तीन वर्षांचं अनुदान मंजूर झाल्याचं पत्र काल आलं. बाई मला रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. असो, मी सुखात आहे.

तुमचा आज्ञाधारक (आणि उभा) भाचा

ता. क. टेम्पो पाठवून खुर्च्या परत न्याव्यात. सोबत चार महिन्यांच्या वापराचं भाडं, चेकनं. रागानं फाडू नका. फाडलात तर ती देणगी होते.

आणखी ता. क. हे पत्राच्या पोटात लिहायचं धैर्य झालं नाही. पाकीट फोडलं. त्या नवांत एक तुमच्या कारखान्याची निघाली, नवी फिरती. नवांत आठवी आली. बैठक फार खोल आहे, पुढची कड गुडघ्यामागे रुतते. पुस्तिका छापून झाल्यावरच तुम्हाला लिहितोय, म्हणजे तुम्हाला माझ्याकडे शब्द टाकावा लागू नये आणि मलाही मोह होऊ नये. मामा, मला फार वाईट वाटलं.

शेवटचं. मी शाळेत असताना तुम्ही माझे गुडघे सुतळीनं मोजून जी लाकडी खुर्ची केली होतीत, ती इतकी वर्षं माझ्या टेबलाशी आहे. तेव्हा कारखाना नव्हता, म्हणून बाईंनी ती ठेवू दिली; पण सगळे उभे असताना मला बसवेना, म्हणून तिच्यावर फायली ठेवल्या आहेत. मोजणाऱ्या मुलीनं परवा सहज फायली उचलून ती मोजली. दोनदा मोजली. नऊच्या नऊ खुर्च्यांपेक्षा ती सरस आहे. बाजारात मिळत नाही, म्हणून छापता येत नाही, पण बाईंनी विचारायला सांगितलंय: अनुदान हातात आलं, की तशा आठ करून द्याल? पूर्ण किमतीत, पावती घेऊन. कारखान्यात नको, तुमच्या हातच्या हव्यात. मापं घ्यायला तुम्ही स्वतः या, आठांचे गुडघे आठ तऱ्हेचे आहेत. फक्त सुतळी आणा. मामीला म्हणावं, डबा देऊ नकोस. मागचा डबा यादीत छापला गेलाय, आणि 'मामी, चिवडा, अर्धा किलो' हे अकराशे लोकांनी वाचलंय.