मार्तंडची दाढी

मरोळ, ५ ऑगस्ट २०२५

चि. मार्तंड यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

कारखान्यात मी सुरक्षेची बाई आणि तू क्रोमचा मुलामा देण्याच्या टाकीवरचा कारागीर. तिथे चारचौघांत तुला रागावता येत नाही आणि फोनवर तू हो हो करून ठेवून देतोस. म्हणून मुलुंडच्या पत्त्यावर लिहिते.

श्रावण लागला आणि निम्म्या माणसांनी दाढी वाढवली. दरवर्षीचंच आहे. पण जुलैपासून नवे मास्क आलेत. चार कंपन्यांचे नमुने मागवले, रबर वाकवून पाहिलं, पट्टे ओढून पाहिले, मग हा घेतला. तो कातडीला घट्ट बसला तरच उपयोगाचा. फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढला की गालांना चिकटला पाहिजे. मध्ये खुंट असले तर फटीतून टाकीची विषारी वाफ आत येते. शुक्रवारी अकरा जणांना टाकीवरून परत पाठवलं. त्यांतल्या रतनने विचारलं की देवाला काय सांगू. मी म्हटलं, माझं नाव सांग. सोमवारी दहा जण गुळगुळीत होऊन आले. अकरावा तू.

कुंदा सांगत होती, तुझा खोकला जात नाही. दाढी कर, नाहीतर श्रावणभर पॅकिंगला बस. सगळ्यांना सांगून मी थकले रे, त्यात तू भर घालू नकोस.

तुझी ताई,
जयंती

मुलुंड, ८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र कुंदाने आधी वाचलं. म्हणाली, वन्सं आता घरीसुद्धा मेमो पाठवायला लागल्या.

आबा श्रावण पाळायचे, मीही पाळतो. बसतो पॅकिंगला. चोवीस वर्षं टाकीवर काढली, आता खोक्यांना चिकटपट्टी लावतोय. तिथल्या बायका विचारतात, काका, बढती मिळाली का? एकच कर, माझ्या जागी कायमचा दुसरा नेमू नकोस. खोकला हवेचा आहे. तुझी भाची गंधाली नोकरीवर रुजू झाली, तुला पेढे पाठवतो.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
मार्तंड

मुलुंड, २५ ऑगस्ट २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

श्रावण संपला, आता दाढी कशाला, असं आज तू विचारलंस. मी गणपतीनंतर बघू म्हणालो. तू पाठ फिरवून निघून गेलीस, ते फार लागलं. म्हणून खरं लिहितो.

जुलैत मास्क मिळाला त्याच आठवड्यात मी एकटाच तळवे दाबून पाहिले. गाल गुळगुळीत होते, तरी हवा आत येत होती. गाल खपाटीला गेलेत, ताई. पट्ट्याला दोन भोकं वाढवली. तुला कळलं असतं तर टाकी गेली असती, आणि डॉक्टर काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं. श्रावण आला, बरं झालं. दाढीत सगळं झाकलं गेलं. कुंदाला अजून सांगितलेलं नाही.

राग आला तरी तोडू नकोस.

तुझा,
मार्तंड

मरोळ, २६ ऑगस्ट २०२५

चि. मार्तंड यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी तू हातात दिलेलं पत्र दोनदा वाचलं. रागवायला बसले होते, पण तोंड राहिलं नाही.

जुलैत बत्तीस जणांच्या मास्कची तपासणी मी स्वतः केली, असं माझ्या वहीत आहे. केली एकतीस जणांची. तू समोर बसलास आणि म्हणालास, मीच सगळ्यांना शिकवतो, मला काय तपासतेस. मी हसले आणि सही केली. दहा सेकंदांचं काम होतं. केलं असतं तर श्रावणापर्यंत ती वाफ तुझ्या छातीत गेली नसती. हे आज मालकांना लिहून दिलं.

टाकीवरून तुझं नाव काढलं. लहान मापाचा मास्क कदाचित तुला बसेल, पण मी देणार नाही. कुंदाला आजच सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

गुरुवारी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होऊ दे. शुक्रवारी सकाळी आठला मी तुझ्या दाराशी येते, छातीचा एक्सरे काढायचा आहे. डॉक्टर काय म्हणतील ते मलाही ऐकायचं नाही. तरी दोघं बसून ऐकू.

लोभ ठेव, रागही ठेवलास तरी चालेल.

तुझी ताई,
जयंती