बॉयलर पुन्हा विझला

टॉडमर्डन,
गुरुवार, ११ मार्च

प्रिय म्युरिएल,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे पायात आहेत, अंगावर कोट आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी टाकून तुला लिहायला बसलेय. बाहेर गारा पडताहेत. हसू नकोस, कारण सांगते.

आमचा बॉयलर सारखा विझतोय. पेटवावा, घर जरा कुठे ऊबदार व्हावं, की झाला बंद! तुझे लाडके भावजी लगेच बाह्या सरसावून तयार. "जन्मभर बसची इंजिनं उघडली, हा डबा मला काय शिकवणार?" मी म्हटलं, गॅसवाल्याला बोलावू. तर म्हणे, "बोलाव की. चहा पी म्हणावं आणि चालू लाग म्हणावं."

क्लिफचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

जॉसी येत्या शनिवारी राहायला येणार होती. नात येणार म्हणून मी केकसुद्धा करून ठेवला होता. मग तिला कळवलं, आम्हा दोघांना फ्लू झालाय, येऊ नकोस. फ्लूबिलू काही नाही गं.

मागच्या वर्षी गॅसवाला आला होता, तेव्हा त्याने मला बॉयलरच्या माथ्यावरचा बटणाएवढा एक तुकडा दाखवला होता. धूर चिमणीतून वर न जाता घरात पसरायला लागला, की तो तुकडा आपणहून बॉयलर बंद करतो. "मावशी, हा विझला तर त्याच्यावर चिडू नका, चिमणी बघा. त्या धुराला ना वास ना रंग. माणूस झोपतो तो उठतच नाही," असं म्हणाला होता. आणि आमच्या चिमणीत ते राखी मानेचे कावळे घरटं बांधताहेत. अंगणभर काड्या पडल्यात. मी क्लिफला दाखवल्या, तर म्हणाला, "मग झाडून घे."

सोमवारी त्याने तो तुकडाच काढून टाकला आणि दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या. "बघ आता कसा चालतो!" चालला की! संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं, आणि हा जेवता जेवता खुर्चीतच झोपला. हलवलं, हाका मारल्या, उठेना. दार उघडून गार वारा आत घेतला, तेव्हा कुठे डोळे उघडले.

फोन त्याच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून तुला हे कधी बोलले नाही. गेल्या शरद ऋतूत डॉक्टरांनी त्याला कोणता महिना चालू आहे ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही. परत येताना बसमध्ये त्याने माझा हात धरला. चारचौघांत कधी हात न धरणारा माणूस! म्हणाला, "एनिड, कुणाला सांगू नकोस. आणि घरात परकं माणूस आणू नकोस." मी शपथ घेतली.

सोमवारपासून बॉयलर विझतोय तो माझ्या हाताने. क्लिफ वर गेला की मी गॅसचा कॉक फिरवते, ज्योत मेली की पुन्हा होता तसा करून ठेवते. तो खाली येतो, बघतो, आणि फरशीवर बसून पुन्हा सगळं उघडतो. काल बसल्या बसल्या रडला गं. "माझे हात विसरले, एनिड." आणि मी बटाटे सोलत राहिले. किती दुष्ट झालेय मी!

आज सकाळी त्याने कॉकची मूठ पान्याने काढून खिशात टाकली. म्हणाला, "मांजराला कॉक फिरवायची सवय लागलेली दिसते." आमचं मांजर जाऊन दोन वर्षं झाली. तो टोमणा होता की विसर, मला कळलं नाही. मी हसले, पण तो हसला नाही.

म्हणून आता माझं एक काम कर. पत्र मिळताच गॅसच्या तातडीच्या नंबरावर फोन करून आमचा पत्ता दे. बहिणीच्या घरात धूर कोंडतोय, एवढं सांग. फोन मी केला, तर बाकी सगळं विसरेल, पण तेवढं मरेपर्यंत लक्षात ठेवेल. तुझं तर त्याच्याशी कधी पटलंच नाही. आणखी एक राग तुझ्या नावावर चढला, तर काय बिघडलं?

क्लिफ वरून खाली आला वाटतं. हो, आला. बॉयलरपाशी बसलाय. भक्क करून पेटला बघ. "एनिड, चालू झाला! ती खिडकी लाव, ऊब चाललीय सगळी."

लावली. पडद्याआड बोटभर उघडी ठेवलीय.

पाव आणायचं निमित्त करून हे पत्र टपालपेटीत टाकते आणि लगेच परत येऊन त्याच्याशेजारी बसते. त्या लोकांना सांग, पुढचं दार कुणी उघडलं नाही तर मागून या. मागच्या दाराला मी कडी लावणार नाही.

दोघांपैकी एकाने तरी जागं राहायला हवं.

तुझी,
एनिड