सहा की आठ

२ डिसेंबर, केडगाव
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. एक : मी संख्याशास्त्रात विद्यापीठात पहिला आलो, तेव्हा वडिलांनी मला सौर कॅल्क्युलेटर दिला. दोन : तो आजही अचूक चालतो. तीन : पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याची वरची उजवी रेघ मावळली आहे, परिणामी आठ हा सहासारखा दिसतो. चार : हा दोष नव्हे. कोणता सहा जन्मजात आणि कोणता मूळचा आठ, हे ओळखण्याइतकी बुद्धी वापरणाऱ्याकडे हवी. पाच : माझ्या पत्नीला, मरियमला, तो भंगारात द्यायचा आहे.

३ डिसेंबर
तह झाला. नाताळाआधी स्वयंपाकघराचा ओटा नवा होणार. ग्रॅनाइटचे माप कॅल्क्युलेटर काढील. बरोबर आले तर तो राहील. चुकले तर भंगारवाला. कन्या आराधनाने मोबाईल पुढे केला. नाकारला. ज्या उपकरणावर लोक नाचतात, त्यावर मी वजाबाकी करत नाही.

५ डिसेंबर, सकाळ
भिंत ११८ इंच. फ्रिजसाठी ३२ वजा. पडद्यावर ६६. पहिला सहा निःसंशय सहाच. दुसऱ्याची ठेवण आठाची. म्हणून ६८. तोंडी पडताळून पाहण्याचा मोह झाला, आवरला. विश्वास म्हणजे विश्वास. दुकानात माप दिले.

११ डिसेंबर
दगड आला. पॉलिश उत्कृष्ट. बिभीषण मिस्त्रीने तो बसवला, पुसला आणि ओटा व फ्रिज यांच्यामधल्या जागेत जाऊन उभा राहिला. मावला.
"सर, हितं वॉशिंग मशीन बसवायचं हाय व्हय?"
हवा खेळती राहावी म्हणून जागा सोडली आहे, असे सांगितले. मरियमने मोजपट्टी आणून ती जागा मोजली. लक्षण चांगले नाही.

१२ डिसेंबर
थंडीत दगड आकुंचन पावतो, हे आराधनाला शास्त्रशुद्ध समजावले. तिने विचारले, अठरा इंच? पिढीच उद्धट.
सायंकाळी मरियमने कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला.
"अहो, एकच सांगा. चूक ह्याची का तुमची? ह्याची असेल तर हा जाईल. तुमची असेल तर राहील. पण तसं लेकीसमोर म्हणायचं."
मुदत मागितली.

१४ डिसेंबर, दुपार
ठरले. जेवताना स्पष्ट म्हणणार : वाचनाची चूक माझी. इतक्या वर्षांच्या सोबतीपुढे माझा अभिमान तो काय!

१४ डिसेंबर, जेवणानंतर
वाक्य तयार होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सर्व जागेवर. तोंडातून निघाले, "यंत्राची."

१५ डिसेंबर
भंगारवाल्याने तो काट्यावर टाकला. काटा हलला नाही. ह्याला वजनच न्हाई, म्हणाला, आणि वर एक गंजका नळ ठेवला. मरियमने माझ्याकडे पाहिले. अजूनही एक वाक्य पुरेसे होते. मी चष्मा पुसला.
ओट्याशेजारच्या जागेत आता कांद्यांची टोपली आहे.
मरियमसाठी फ्रिजवर सूचना लावली. तिची प्रत येथे : चूक यंत्राचीच होती, हे तुला मान्य आहे किंवा कसे, ते लेखी कळवावे. हसणे हे उत्तर धरले जाणार नाही.