पिशवी ओढायचा खेळ

दि. ४ मार्च

चि. बापूस,
अ. उ. आ.

तुझ्या गल्लीत टपाल मी वाटते, पण दंडाला टाके पडल्यापासून साहेबांनी मला ऑफिसात पत्रं निवडायला बसवलंय. माझ्या जागी दुसरा फिरतोय, तोही तुझ्या फाटकापासून चार हात लांबून. भर रस्त्यात तुझ्या बंड्याने मला फरफटवलं आणि तू उभ्याउभ्या म्हणालास की ताई, घाबरू नकोस, तो काही करत नाही. अरे, करून झालं होतं त्याचं!

स्वतः यायचं सोडून फळं पाठवलीस. ती मी शेजारणीला दिली. मला फळं नकोत, माफीही नको. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण तुझ्यासारख्यांसाठीच आहे. रस्त्यावर आणशील तेव्हा गळ्यात पट्टा आणि तोंडाला जाळी. नाहीतर मी पालिकेत अर्ज देईन आणि ते त्याला उचलून नेतील. मग माझ्या दारात रडत येऊ नकोस.

छोटीला गोड पापा. लोभ होता तेवढा आहे, पुढचं बंड्याच्या पट्ट्यावर.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार आईने शिकवला म्हणून लिहितोय. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. सख्ख्या भावाच्या कुत्र्यावर अर्ज! बंड्या चावरा नाहीच, तो खेळत होता. आप्पांची टपालाची जुनी खाकी पिशवी माळ्यावर पडून होती, ती मी त्याला पिल्लू असल्यापासून देतो. एक टोक त्याच्या तोंडात, एक माझ्या हातात, सोडेल त्याची हार. तुझ्या खांद्यावर तसलीच पिशवी दिसली, त्याला वाटलं खेळायला आलीस. तू सोडली असतीस तर दात लागलाच नसता. पण तू कसली सोडतेस! लहानपणापासून धरलं की धरलं.

आणि गल्ली काय टपालखात्याच्या मालकीची आहे? आमची छोटी त्याच्या अंगावर लोळते. उशीची खोळ खांद्याला अडकवून दिवसभर 'आत्या आत्या' खेळते, दारोदार कागद वाटते. तिच्या वाढदिवसाला तुझ्यासारखीच खाकी पिशवी मागवलीय, तिच्या मापाची. पार्सल तुमच्याच ऑफिसात येईल, ते तरी नीट पोचतं कर.

थोरलीने थोरलीसारखं वागावं, एवढीच विनंती.

तुझा बापू

दि. १२ मार्च

बापू,

आज मायना नाही. तुझं पार्सल सकाळी माझ्या टेबलावर आलं. मूर्खा, जी पिशवी दिसली की ओढायची असं तू कुत्र्याला शिकवलंस, तीच पोरीच्या खांद्याला अडकवून तू तिला त्याच्यासमोर सोडणार होतास. त्याचं तोंड माझ्या दंडाशी आलं. छोटीच्या कुठे येईल, ते तिला त्याच्या शेजारी उभी करून बघ. आणि ती माझी भाची आहे, तीही सोडणार नाही.

अर्ज मी काल दिला. शिव्या दे. पालिकेचा माणूस येईल तेव्हा पट्टा आणि जाळी दाखवलीस तर बंड्या घरीच राहील, असं ते म्हणाले. आप्पांची पिशवी त्याच्यापासून काढून घे आणि मला पाठव.

आप्पा म्हणायचे, लोकांचं टपाल अडवण्यासारखं पाप नाही. मी आजवर कुणाचं साधं पोस्टकार्ड अडवलं नाही. तुझं पार्सल मात्र माझ्या खणात कुलपात आहे, आणि बंड्याच्या तोंडाला जाळी माझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत तिथेच राहील. साहेबांकडे माझी तक्रार कर, नोकरी गेली तर जाऊ दे.

छोटीने पिशवी कुठे म्हणून विचारलं तर सांग, आत्याने चोरली.

लोभ नसला तरी चालेल.

ताई