कौल डावा पडला म्हणे

३ फेब्रुवारी
अक्का ऑपरेशनला नाही म्हणते! माझी आई, छातीत लिंबाएवढी गाठ, कुडाळच्या डॉक्टरांनी सोळा तारीख दिलेली — आणि ही सकाळी एकटीच देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावून आली. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. "डावो पडलो. देवान नको म्हटल्यान." झालं! एक पाकळी गळली म्हणून माझी आई जाणार?

४ फेब्रुवारी
वाटलं, केयूर तरी तिला समजावेल. भाऊ माझा, तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेतो. सिलिंडर तीनतीनदा तपासतो. तो काय म्हणतो — "देवान नको म्हटल्यान ना? मगे इषय संपलो. तुजा सायन्स शाळेत ठेव." कडाकडा भांडलो. अक्का आत खोबरं किसत होती.

६ फेब्रुवारी
ठेवलं शाळेत! घरचा पाटा नववीच्या वर्गात नेला. उभा केला, ओला केला, दोन्हीकडे झेंडूच्या पाकळ्या. चाळीस वेळा. उजवी एकोणीस, डावी एकवीस. पोरं खूश. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — कोणीही सांगो, आधी पुरावा मागा. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर आकडे टाकले. खाली लिहिलं: गुरव लबाड, ऐकणारे मूर्ख.

७ फेब्रुवारी
मुख्याध्यापकांची नोटीस. गावकऱ्यांना माफी हवी. मागणार नाही!

१० फेब्रुवारी
मासळीवाली सुगंधा दारावरून सरळ पुढे गेली. हाक मारली तर म्हणते, "तुमका देव नको, मगे बांगडे कशाक?" काय संबंध! हसूही आलं, रडूही.

अक्का गाठीवर हळद लावत बसली होती. माझा तोल गेला. ओरडले — तुझा देव काय डॉक्टर आहे? तर म्हणते, "देवाक मधी घालू नको." मी घातला मध्ये?! सहा दिवस उरलेत आणि हिची हळद चाललीय.

१२ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर निलेशकडे गेले. देवळाचा गुरव, दहावीपर्यंत माझ्याच वर्गात. चाळीस प्रयोगांची वही त्याच्यापुढे आपटली. त्याने उघडलीही नाही.

"अक्कान गप रव म्हटल्यान. पण तू माका लबाड म्हटलंस, म्हणान सांगतंय. कौल उजवो पडललो. ती म्हणाक लागली, परत लाव. परत उजवो! ऑपरेशन करून घेवा म्हणान मीच सांगलंय तेंका."

पायरीवरच बसले. नऊ दिवस! कौल खरंच कसा पडला, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
अक्काला विचारलं. तिने विळी आडवी केली.

"देवाचा आयकूक नाय, तर तुजा खंय आयकतलंय? माका भीती वाटता गो."