कुडापलीकडे न गेलेला निरोप

आपल्या आणि काकीच्या घरांमध्ये एकच कूड होता. कारवीचा, शेणाने लिंपलेला, चुलीकडच्या कोपऱ्यात भोक पडलेला. काकी खोकली की आपल्याकडे कळायचं. आपण मासे तळले की तिची पोर त्या भोकाला नाक लावून बसायची. एवढ्या पातळ कुडातून तुझं एक वाक्य पलीकडे गेलं नाही. जाऊ नये म्हणूनच तर तू आईच्या कानाला तोंड लावून बोललास. माझं भांडण तेवढंच आहे, आबा. पन्नासाच्या वर वर्षं झाली, तुला जाऊनही तीस झाली असतील, तरी ते भांडण काही जुनं होत नाही.

मी तुझी थोरली. तिसरीपर्यंत शिकलेली, त्यामुळे अक्षर जसं येईल तसं वाचून घे. गुडघे गेले म्हणून सुकटीची पाटी सोडली, आता वाशीत लेकाच्या तिसऱ्या मजल्यावर बसून असते. सोसायटीतल्या बायका माझ्या डब्यांच्या वासावरून नाक मुरडतात आणि पावसाळा लागला की हळूच वाटी घेऊन दारात येतात. तेवढी करमणूक आहे. बाकी सगळ्याचा कंटाळा आलाय.

लढाईची वर्षं होती. खाडीच्या तोंडाशी गोऱ्या साहेबाचं दारूगोळ्याचं कोठार, आणि तू तिथे हमाल. मचव्यातून पेट्या उतरवायच्या आणि आत नेऊन रचायच्या. कामावर घेताना साहेबानं तुझा अंगठा घेतला होता. आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, बोललास तर तुरुंग. तू देवाला भ्यायला नसशील इतका त्या अंगठ्याला भ्यायचास. पेट्यांवर खुणा करायची एक निळी पेन्सिल तू मला आणून दिली होतीस, तीसुद्धा दोन महिने पदराखाली लपवायला लावलीस. मी परकर नेसायचे, पदर कुठून आणू, ते तुझ्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी तू कामावरून येतोस आणि भाकरीला हात लावत नाहीस. मी चुलीपाशी तांदूळ निवडतेय. तू आईच्या कानाशी वाकतोस. "उद्या खडकावर जाव नको. पोरीलाही नेव नको. पेटी पडलीय चिखलात, तिच्यातला माल गावत नाय. साहेब बोलला, कोनाला सांगायचा नाय." आईनं फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती. गावातल्या बायका कोयत्या घेऊन खडकावर शिंपले फोडून कालवं काढायला गेल्या. आईला ताप आला होता, म्हणजे तू आणलास म्हणून आला होता. दुपारी आवाज झाला तेव्हा आपल्या घरातली मडकी हलली. काकीनं कालव म्हणून कशावर कोयती मारली, ते गावाला कधीच नीट कळलं नाही. तू सगळ्यांच्या आधी तिला खांदा दिलास. लोकांनी विचारलं तर म्हणालास, "भरतीत कायतरी वाहून आला आसंल."

तिचं तेरावं झाल्यावर मी तुला विचारलं की काकीला का नाही सांगितलं. तू मला थोबाडीत दिलीस. "त्वांड बंद ठेव, नाय तर घर जाईल." आयुष्यात तू माझ्यावर एकदाच हात उचललास, तो तेव्हा.

मी तुला अगदीच सोडून देत नाही, पण समजूनही घेते. तू तुरुंगात गेला असतास तर आम्ही पाच तोंडांनी काय खाल्लं असतं? लढाई होती, पेटी कुठे पडली ते किनाऱ्यावर बोभाटा झाला असता तर भलत्याच माणसानं ती उचलून नेली असती. साहेबाचंही सगळं खोटं नव्हतं. पण "खडकावर जाऊ नका" एवढं सांगायला पेटीचं नाव कशाला घ्यायला हवं होतं? भूत दिसलं म्हणायचं होतंस. लाट वाईट आहे म्हणायचं होतंस. काकी भुताला फार भ्यायची.

आता हे सगळं का उकरतेय ते सांगते. साहेब गेले, कोठार राहिलं, आणि तुझा नातू, माझा भाचा, त्यात कारकून लागला. त्याच्याकडूनही सही घेतली, तुझा अंगठा होता तसलीच. गेल्या पावसाआधी तो माझ्याकडे बोंबलांचं बोचकं घेऊन आला. आत बोंबील कमी आणि कागद जास्त. म्हणाला, "आते, पेट्या जुन्या झाल्यान. घाम सुटल्यासारख्या गळतान. चार वेळा वर लिवून झाला. त्यांच्याच कागदावर लिवलाय का गावाची पयली आळी धोक्याच्या आत हाय, आनि वर शिक्का मारलाय, गुप्त." पहिल्या आळीत कोण राहतं ते तुला सांगायला नको. तुझंच घर आहे ते. कुडाच्या जागी विटा आल्या एवढंच.

माझी नात, याच घरात राहणारी, वाशीतच एका साप्ताहिकात बातम्या लिहिते. कागद तिला द्यायचे होते. देण्याआधी मी ते उलटून पाहिले. इंग्रजी मला येत नाही, पण एका पानावर चित्र होतं, आणि ते मला वाचता आलं. खाडी, बांध, फाटक, कुठल्या छपराखाली काय, पहारा कुठे. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि त्यातला माल आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला होता. ते पान मी गॅसवर धरलं. बाकीची नातीच्या हातात दिली.

तिनं बातमी छापली. कुणी दिलं ते छापलं नाही. गावात ती मोठ्यानं वाचली गेली, बायका पोरांना घेऊन तलाठ्याच्या दारात बसल्या. मला वाटलं, चला, एक निरोप तरी कुडापलीकडे गेला.

मग दोन पोलीस आमच्या घरी आले. जिने चढून दमलेले, मी पाणी दिलं. मोठा म्हणाला, "आजी, हे देशाच्या सुरक्षेचं आहे. शत्रूच्या हाती लागलं तर?"

"शत्रू माझ्याकडे सुकट घ्यायला येत नाही," मी म्हटलं.

"चेष्टा नको. कागद तुमच्या घरातून गेला. तुमच्याकडे कुठून आला?"

"रद्दीतून. सुकट बांधायला रद्दी लागते, साहेब. अजून चार घरी देते मी बांधून. त्यात कुणाचं काय येतं, मला काय कळतंय? मला वाचता येत नाही."

त्यानं डबे उघडून पाहिले. सगळ्या पुड्या कागदात बांधलेल्या, एकीवर तर त्यांच्याच खात्याची जाहिरात. धाकट्याला हसू आलं, मोठ्याला शिंक आली. ते गेले आणि मी स्वतःवर खूश झाले. खोटं बोलायला तुझ्याकडूनच शिकले होते, फक्त या वेळी ते कुणालातरी वाचवायला वापरलं, असं वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही. आता कोठाराचे लोक म्हणतात, म्हातारीच सांगते रद्दीतला कागद, कुणीतरी बनवला असेल, लोकांना उगाच घाबरवलं. गाव हळूहळू घरी गेलं. पेट्या जागच्या हलल्या नाहीत. आणि नातीवर आणि तिच्या संपादकावर मात्र खटला उभा आहे. म्हणजे कागद खोटा, आणि तरी गुपित फोडल्याचा गुन्हा खरा. हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही, नातीच्या वकिलानंसुद्धा नाही. तो म्हणतो, कागद खरा आहे असं कुणीतरी आतल्या माणसानं उभं राहून सांगितलं तरच लोक ऐकतील. नातीला नाव ठाऊक आहे. ती तोंड उघडत नाही. मी तिला म्हटलं, "तू तरी स्वतःला वाचव." तर म्हणते, "आजी, ज्यानं विश्वासानं दिलं त्याचं नाव मी घेतलं तर उद्या आम्हाला कोण काय आणून देईल? आणि तू नकाशा जाळलास ना, तो मीही छापला नसता. विचारायचं तरी होतंस मला!" हे मात्र मला लागलं. मी तिला न विचारता ठरवलं, कुणी काय पाहायचं ते. साहेबानं तेच केलं होतं.

काल भाचा आला होता. केस पांढरे झालेत त्याचे, तुझ्यासारखाच खुर्चीच्या कडेला बसतो. चहा निवला तरी घेईना. "आते, मी उभा राहू का कोर्टात? राहिलो तर नोकरी जाईल, आत बी जाईन. नाय राहिलो तर पोरगी अडकते आनि गाव तिथंच निजतो. तू सांगशील ते करीन."

मी म्हटलं, "चहा पी आधी." साठीच्या पुढची बाई आणि चहा पी म्हणते. तो परवा पुन्हा येणार आहे.

म्हणून हे लिहायला बसले. पत्र कुठे जायचं नाही, सुकटीच्या डब्याखाली घालीन, तिथे पोलिसांनी एकदा पाहून झालंय. पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते. ते तुलाही माहीत नाही. त्या सकाळी काकी दारात आली होती. कमरेला कोयती, डोक्यावर टोपली. "येतस का गो?" म्हणाली. मला सगळं ठाऊक होतं, तुझी कुजबूज मी शब्द न् शब्द ऐकली होती. मी म्हटलं, "आईला ताप आलाय." तर ती म्हणाली, "मंग तुज्यासाठी वाटीभर कालवा आनते." आणि गेली. मी तिच्या मागे अंगणाच्या टोकापर्यंत गेले होते. तोंड उघडलंही होतं. माझा तर कुठल्या कागदावर अंगठाही नव्हता.

तेव्हा याचं उत्तर तू द्यायचं नाही, आबा. माझ्यावतीनंही नाही. काकी तिथेच कुठे शेजारी असेल, तिला विचार. भाच्यानं उभं राहायचं की गप्प बसायचं, ते तिनंच सांगावं, परवाच्या आत. तू मधे बोलू नको. गप्प बसणं तुला जमतं.